परवलीचा शब्द माणसाचा, टोकन आज्ञावलीचे

पैनगंगेच्या काठी वसलेले आणि शारंगधर बालाजीच्या मूर्तीसाठी प्रसिद्ध असलेले मेहकर हे बुलडाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. समजा, तेथील एखाद्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला बाजार समितीतील सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचे भाव शेतकऱ्यांच्या मोबाइलवर दाखवणारे छोटेसे ॲप तयार करावयाचे आहे. त्यासाठी रोज भाव टंकित करीत बसण्याचे कारण नाही. केंद्र सरकारच्या 'डेटा डॉट गव्ह डॉट इन' या संकेतस्थळावर देशभरातील बाजार समित्यांचे दैनंदिन भाव दिले जातात आणि विद्यार्थ्याची आज्ञावली ते तेथून परस्पर मागवू शकते. एका आज्ञावलीने दुसरीकडे माहिती मागण्याच्या या ठरावीक रीतीला 'एपीआय' असे म्हणतात.

मात्र, मागणारा कोण, हे पलीकडच्या संगणकाला कळावे लागते. माणूस परवलीचा शब्द टाकून आपली ओळख पटवतो. मध्यरात्री आपोआप चालणाऱ्या आज्ञावलीने ती कशी पटवावी? मालकाचा परवलीचा शब्दच तिच्यात लिहून ठेवणे हा सोपा, परंतु घातक मार्ग होय. त्याऐवजी तिला स्वतंत्र किल्ली दिली जाते. हीच 'एपीआय की' किंवा 'टोकन'. दिसायला ती अक्षरे आणि अंकांची एक लांबलचक, अर्थहीन मालिका असते.

किल्ली आणि किल्लीत फरक

वरील सरकारी संकेतस्थळावर नमुन्यादाखल दिलेली किल्ली वापरल्यास एका वेळी केवळ १० नोंदी मिळतात. नावनोंदणी केल्यावर स्वतःची किल्ली मिळते आणि ही मर्यादा दूर होते. बाजारभाव ही सर्वांसाठी खुली माहिती असल्याने येथे किल्लीचे काम गुपित राखण्याचे नसून, कोण किती माहिती मागतो याची नोंद ठेवण्याचे आहे.

आता तोच विद्यार्थी आपल्या ॲपची आज्ञावली 'गिटहब' या संकेतस्थळावर ठेवतो, असे धरू. तेथील टोकन ज्याच्या हाती असेल, त्याला त्या आज्ञावलीत बदल करता येतात, प्रसंगी ती पुसूनही टाकता येते. म्हणूनच अशा टोकनला 'बेअरर' म्हणतात. धारक धनादेश ज्याच्या हाती, पैसे त्याचे, तसेच हेही. पलीकडचा संगणक केवळ टोकन पाहतो, ते आणणाऱ्याचा चेहरा पाहत नाही.

टोकन कसे तयार करावे?

आज्ञावली पाठवताना खात्याचा परवलीचा शब्द स्वीकारणे गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून बंद केले. खात्याच्या 'सेटिंग्ज'मधील 'डेव्हलपर सेटिंग्ज' या विभागात 'पर्सनल ॲक्सेस टोकन्स' हा पर्याय असतो. तेथे तीन गोष्टी विचारपूर्वक ठरवाव्या लागतात. पहिली, टोकनचे नाव. ते कामावरून ठेवावे, म्हणजे पुढे कोणते टोकन कशाचे, याचा घोळ होत नाही. दुसरी, मुदत. ३० किंवा ९० दिवसांची मुदत पुरेशी असते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे अधिकार. नुसते वाचावयाचे असेल, तर लिहिण्याची मुभा देऊ नये आणि एकाच प्रकल्पाचे काम असेल, तर सर्व प्रकल्प खुले करू नयेत.

तयार झालेले टोकन पडद्यावर एकदाच दिसते. ते लगेच सुरक्षित ठिकाणी जतन करावे. हरवल्यास जुने पुन्हा पाहता येत नाही, नवेच तयार करावे लागते.

मुदतीचे महत्त्व शेअर बाजारात अधिक स्पष्ट दिसते. 'झेरोधा'च्या 'काइट कनेक्ट' या एपीआयचे टोकन दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता निरुपयोगी होते. चोरीला गेलेच, तर चोराच्या हाती फार वेळ उरत नाही.

पाच वर्षे उघडी राहिलेली किल्ली

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे टोकन थेट आज्ञावलीच्या मजकुरात लिहिणे आणि तो मजकूर सर्वांना पाहता येईल अशा जागी ठेवणे. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. टोयोटाच्या 'टी-कनेक्ट' या सेवेच्या आज्ञावलीचा काही भाग एका उपकंत्राटदाराने डिसेंबर २०१७ मध्ये गिटहबवर खुला ठेवला. ग्राहकांची माहिती साठवणाऱ्या संगणकाची किल्ली त्या मजकुरातच होती. हा प्रकार सप्टेंबर २०२२ मध्ये लक्षात आला. तोवर २,९६,०१९ ग्राहकांचे ई-मेल पत्ते परक्यांच्या हाती पडण्याचा धोका निर्माण झाला होता. गैरवापर झालाच नाही, असे कंपनीलाही खात्रीने सांगता आले नाही.

यावरील उपाय अवघड नाही. टोकन आज्ञावलीबाहेर, वेगळ्या फाइलमध्ये ठेवावे. या फाइलचे नाव बहुधा 'डॉट ईएनव्ही' असते. तिचा उल्लेख 'गिटइग्नोर'च्या यादीत केल्यास ती चुकूनही बाहेर जात नाही. टोकन पाठवताना जोडणी 'एचटीटीपीएस'चीच असावी. ई-मेल, व्हॉट्सॲप किंवा पडद्याचे छायाचित्र यांतून ते कोणालाही देऊ नये.

आणि तरीही टोकन उघड झालेच तर? पुष्कळजण घाईने ती ओळ पुसतात आणि निर्धास्त होतात. परंतु 'गिट' ही प्रणाली प्रत्येक जुन्या आवृत्तीची नोंद ठेवते. पुसलेली ओळ इतिहासात तशीच वाचता येते. म्हणून सर्वप्रथम ते टोकन रद्द करावे, नंतर नवे घ्यावे आणि मधल्या काळात त्याचा वापर कोठे झाला, हे नोंदींमध्ये तपासावे. प्रत्येक कामासाठी वेगळे टोकन घेतले असेल, तर रद्द करताना बाकीची कामे अडत नाहीत. बाजारभावाचे ॲप चालूच राहते आणि मालकाला आपला परवलीचा शब्दही बदलावा लागत नाही.