जस्तातले महाबली

जुने जपानी रोबो जमवणारा माणूस आधी खोका पाहतो. कोपरे शाबूत आहेत का, आतला थर्माकोल मूळचाच आहे का. अंबरनाथ एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये हयात घालवलेला डायमेकर मात्र रोबो उलटा करील आणि पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात त्या रेषेवर, नख फिरवील. त्याचं पाहणं मला जास्त मोलाचं वाटतं, कारण ही खेळणी त्याच्याच धंद्यातल्या हातांनी घडवलेली आहेत.

चित्रकथाकार गो नागाई यांचा कार्टून-रोबो ‘माझिंगर झेड’ डिसेंबर 1972 मध्ये जपानी टीव्हीवर आला. बंदाई या खेळण्यांच्या कंपनीच्या पॉपी या उपकंपनीने आधी त्याचा साठेक सेंटिमीटर उंच, पोकळ प्लास्टिकचा पुतळा काढला. 1974 मध्ये आला मुठीत मावणारा धातूचा माझिंगर. गोष्टीतला रोबो ज्या काल्पनिक धातूचा, त्याचंच नाव या मालिकेला मिळालं: चोगोकिन. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबॉट’ डोळे विस्फारून पाहणाऱ्या पिढीला या वेडाची गंमत वेगळी सांगायला नको.

खरा धातू म्हणजे जस्ताचा मिश्रधातू. त्यातल्या नेहमीच्या प्रकारात ॲल्युमिनियम चारेक टक्के असतं आणि तो 385 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. हॉट चेंबर मशीनचा दट्ट्या हा रस पोलादी डायमध्ये दाबतो, काही क्षणांत तो गोठतो आणि इजेक्टर पिना कास्टिंग बाहेर ढकलतात. त्या पिनांचे गोल ठसे सहसा न दिसणाऱ्या बाजूला राहतात. पायाच्या आत डोकावा, तिथे सापडतील. नंतर रंग चढवलेल्या नगात बारीक रेषा बुजलेल्या दिसतात. स्प्रिंगने उडणारी मूठ तर मुलांनी कधीच हरवलेली असते, म्हणून मूळ मुठींसह मिळालेल्या नगाचा भाव चढतो.

नक्कल पकडायला व्हर्नियर पुरतो. जस्त गोठताना साधारण अर्धा टक्का आकसतं. मूळ खेळण्यावरून साचा काढून ओतलेला बारा सेंटिमीटरचा नग त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरहून अधिक बुटका निघतो. खोका मात्र हल्ली हुबेहूब छापता येतो.

याहून मोठी धास्ती धातूच्या रोगाची. मिश्रधातूत शिसं 0.005 टक्क्याच्या वर गेलं की वर्षानुवर्षांच्या दमटपणाने जस्त आतून तडकतं, फुगतं, शेवटी त्याचा भुगा होतो. त्यावर इलाज नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या पावसाळ्यात असा नग उघड्या फळीवर ठेवणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करणं. बंद काचपेटी आणि सिलिका जेल, एवढं तरी हवंच.

परदेशातून मागवायचं तर खेळण्यांवरची आयात ड्युटी 2023 पासून 70 टक्के आहे. एवढा पैसा ओतण्याआधी खेळण्याचे आतल्या बाजूचे फोटो मागवा आणि ओळखीतल्या एखाद्या निवृत्त डायमेकरला दाखवा. अंबरनाथमध्ये तो शोधायला लांब जावं लागणार नाही.