आत खणलेला खंदक

किल्ल्याचा खंदक तटाबाहेर असतो, शत्रूला अडवायला. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या डिअर पार्कचा, म्हणजे हरणं राखायच्या बंदिस्त रानाचा, खंदक मात्र कुंपणाच्या आत खणलेला असे. कारण अडवायचं होतं आतल्या हरणांना! खणलेल्या मातीचा बांध घालायचा आणि त्यावर उभे चिरलेले ओकचे खुंट रोवायचे. खंदकाच्या तळापासून ही उंची कुठल्याही हरणाला भारी पडे.

खरी गंमत पुढेच आहे. काही ठिकाणी कुंपण मुद्दाम बुटकं ठेवत. बाहेरून मातीचा सोपा चढ, आतून खोल उतार. रानातलं हरण सहज आत उडी घेई. परतीची उडी मात्र आवाक्याबाहेर. ना जाळं, ना फासा. या रचनेला ‘डिअर लीप’ म्हणत आणि ती करायला राजाची परवानगी लागे. लागणारच, कारण राजाच्या रानातली हरणं अशी अलगद सरदाराच्या पदरात पडत!

1086च्या डूम्सडे या जमीनजुमल्याच्या नोंदवहीत असे पार्क जेमतेम 35-40 सापडतात. 1300च्या सुमारास, अभ्यासकांच्या अंदाजाने, त्यांची संख्या 3,000च्या आसपास गेली होती. नॉर्मन राज्यकर्त्यांच्या काळात आलेलं, कळपाने राहणारं फॅलो हरिण अशा बंदिस्त रानात छान रुळलं.

घोड्यांवरच्या शिकारीची रंगीत चित्रं मात्र जरा बाजूला ठेवू या. बहुतेक पार्क 100-200 एकरांचे, त्यात घोडा पळणार किती? हरणं मारायचं काम बहुधा पगारी शिकारीच करत. हे मांस राजरोस बाजारात मिळत नसे, म्हणूनच त्याचा एवढा तोरा. ते मेजवानीत वाढायचं, नाहीतर भेट पाठवायचं. राजा तर मर्जीतल्या माणसाला जिवंत हरणंच देई, पार्क भरायला. आणि हरणंच कशाला, वुडस्टॉकच्या पार्कात राजा पहिल्या हेन्रीने तर सिंह, बिबटे, उंट आणि एक साळिंदरही पाळलं होतं.

लाकूडफाटा, तळ्यातले मासे, डुकरांना ओकची फळं, हेही याच रानातून मिळे. झाडं डोक्याच्या वर छाटत, म्हणजे कोवळे फुटवे हरणांच्या तोंडी लागत नसत. अशा छाटणीने ओक फार जुने होतात. सफोकमधल्या स्टेव्हर्टन पार्कात ते आजही उभे आहेत.

कुंपण महाग, म्हणून पार्कचे कोपरे गोलसर ठेवत, कमी लांबीत जास्त रान मावावं म्हणून. इंग्लंडच्या नकाशावर शेतांच्या सरळ हद्दी कुठेकुठे मध्येच मोठं वळण घेतात, त्यांतल्या कित्येक जागी खाली हाच जुना बांध असतो.