परसातील कोहळे : बीपासून बोंडांपर्यंत

गोंदिया जिल्हा हा भाताचा व तळ्यांचा जिल्हा होय. बांधीत भात आणि धुऱ्यावर तूर ही येथील जुनी रीत. घरामागील सांदवाडीत, कुडावर वा मांडवावर, कोहळ्याचा एखादा वेलही हमखास दिसतो. पश्चिम महाराष्ट्रात ज्यास लाल भोपळा व खानदेशात डांगर म्हणतात, तेच हे फळ. मूळचे अमेरिका खंडातील असले, तरी आता ते आपल्या घरचेच झाले आहे. पक्व फळ नीट ठेवल्यास तीन-चार महिने टिकते व उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत घरात भाजीची सोय होते.

तथापि, पुष्कळ गृहिणींची एक तक्रार असते : वेल माजतो, फुलतो, परंतु लहान फळे पिवळी पडून गळून जातात. काही वर्षांपूर्वी एका गावी अशीच तक्रार आली असता, ही फळमाशीची बाधा आहे असे समजून प्रस्तुत लेखकाने कीटकनाशक फवारण्यास सांगितले. पुढील पंधरवड्यात एकही फळ धरले नाही. त्या घरच्या आजीबाई म्हणाल्या, "साहेब, पाणी उघडला होता त्या दिवसाचं फळ तेवढं टिकलं." दोष कोठे होता, ते या एका वाक्याने उमगले.

कोहळ्याच्या एकाच वेलावर नर व मादी अशी वेगवेगळी फुले येतात. नरफुलाचा देठ लांब व बारीक असतो. मादीफुलाच्या खाली सुपारीएवढे इवलेसे फळ असते. आरंभी आठ-दहा दिवस बहुधा नरफुलेच येतात. सबब वेल वांझ समजून उपटू नये. फूल पहाटे उमलते व दुपारच्या आत मिटते. तेवढ्या अवधीत मधमाशीने पराग नेला, तरच फळ धरते. जूनमध्ये लावलेला वेल ऐन श्रावणाच्या झडीत फुलतो. पावसात मधमाशी बाहेर पडत नाही आणि भिजलेला पराग निकामी होतो. त्यात सकाळी औषध फवारले, तर उरल्यासुरल्या मधमाश्याही मरतात.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्यांची टोके आदल्या सायंकाळी पिवळी दिसतात. अशा नर व मादी कळ्या दोऱ्याने हलकेच बांधून ठेवाव्यात. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात व आतील परागाची दांडी मादीफुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने फिरवावी. नंतर मादीफूल पुन्हा बांधून देठाला रंगीत दोरा खुणेसाठी बांधावा. उरलेल्या नरफुलांची भजी उत्तम होतात.

लागवडीसाठी अडीच ते तीन मीटर अंतरावर आळी करावीत. येथील पाऊस जोराचा असल्यामुळे आळे भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच असावे. प्रत्येक आळ्यात दोन घमेली कुजलेले शेणखत मिसळून, रात्रभर भिजविलेल्या तीन-चार बिया बोटाच्या दोन पेरांइतक्या खोल टोकाव्यात व पुढे दोनच जोमदार रोपे ठेवावीत. कोवळी पाने तांबडे भुंगे खातात. सकाळी दव असताना पानांवर चाळलेली राख धुरळावी. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची 'अर्का चंदन' ही जात घरगुती वापरास सोयीची असून तिचे फळ दोन ते तीन किलोंचे असते.

सालीत नख रुतेनासे झाले व देठ वाळला, की फळ दोन बोटे देठासह काढावे आणि हवेशीर जागी तणसावर, एकावर एक न रचता ठेवावे. बियाण्याचे फळ दोरा बांधलेल्यांतूनच निवडून तीन-चार आठवडे तसेच ठेवावे. उघड्या फुलावर शेजारच्या निराळ्या जातीच्या कोहळ्याचा पराग आला, तर पुढील पीक मूळ गुणाचे निघत नाही. काकडी, दुधी वा कारले यांच्याशी मात्र कोहळ्याचा संकर होत नाही. ती भीती बाळगू नये.

फळ चिरल्यावर प्रथम बिया काढून धुवाव्यात, पाण्यावर तरंगणाऱ्या टाकाव्यात, बाकीच्या सावलीत वाळवून राखेसह कोरड्या डब्यात भराव्यात. मग बोंडे करावीत. एक वाटी शिजवून घोटलेल्या गरात अर्धी ते पाऊण वाटी गूळ गरम असतानाच विरघळवावा. चिमूटभर मीठ व वेलची घालावी आणि पाणी न घालता, मावेल तेवढी कणीक मिसळावी. मंद आचेवर तळल्यास बोंडे आतपर्यंत शिजतात. गराच्या केशरी रंगातून शरीरास 'अ' जीवनसत्त्व मिळते व ते स्निग्धांशासह चांगले शोषले जाते. म्हणून साध्या भाजीलाही तेलाची फोडणी असावी. गर कडू लागल्यास मात्र तो मुळीच खाऊ नये व त्याचे बीही ठेवू नये.

येत्या श्रावणात झड लागली, तर मधमाशीची वाट पाहू नका. सकाळची पाच मिनिटे वेलाला द्या. बोंडे आणि पुढील वर्षाचे बियाणे, दोन्ही घरचेच होईल.