भिंतीची हौस आणि सावित्रीचं पाणी

महाड-पोलादपूरकडे घर सजवायचं तर कोकणी माणूस मुहूर्त धरतो गणपतीचा. म्हणजे नेमका पावसाळा, भिंती सर्वांत ओल्या असतात तेव्हाचा.

इथलं पाणी साधं नाही. २२-२३ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरात चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. सावित्री तिथेच उगम पावते आणि पोलादपूरवरून महाडला येते. त्या पुरात महाडच्या सखल भागातले तळमजले बुडाले. पूर ओसरला तरी भिंतीत मुरलेलं पाणी महिनोन् महिने निघत नाही.

पूर न येताही पायातून ओल चढतेच. विटा-सिमेंटमधले क्षार ती सोबत आणते. पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक मागे उरतात आणि गिलाव्याचे पोपडे काढतात. हाच लोणा. त्यावर महागडा अ‍ॅक्रिलिक टेक्श्चर रंग चढवला की ओल कोंडते आणि फुगे धरतात. टाइल ठोकली तर लोणा टाइलच्या माथ्यावर उमटतो. पीओपी म्हणजे भाजलेलं जिप्सम. काम झटपट होतं, पण भिजलं की मऊ पडतं. छताला ते शोभेल. पुराचं पाणी जिथवर चढतं, त्या भिंतीला नाही.

अशा ठिकाणी चुना उजवा ठरतो. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाण्यात तो खदखदून विरतो. भिंतीवर चढल्यावर हवेतून तोच वायू परत घेत हळूहळू दगडासारखा होतो. हा थर सच्छिद्र असल्यामुळे आतली ओल बाहेर पडू शकते. आंबेनळी घाट चढून वाईकडे उतरलं की मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा लागतो. तिथली जुनी भित्तिचित्रं चुन्याच्या गिलाव्यावरच आहेत.

गवंडी ज्याला नीरू म्हणतात तो चुन्याचा शेवटचा पातळ हात. तो ओलसर असतानाच घोटला की मंद चकाकी येते. राजस्थानातल्या आराइशमध्ये संगमरवराची भुकटी घालून अशीच घोटाई करतात. मोरोक्कोतले कारागीर वरून साबण चोळतात. चुन्याशी त्याचा संयोग होऊन पाण्याला दाद न देणारा थर बनतो, म्हणून तिथे न्हाणीघरांतही हा गिलावा चालतो. रंगासाठी गेरू, पिवडी यांसारखी चुन्यात टिकणारी मातीच हवी. हातमोजे आणि चष्मा मात्र विसरू नयेत; ओला चुना डोळ्यांत गेला तर इजा गंभीर होते.

सारी मदार खालच्या थरावर. लोणा लागलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या हातभर वरपर्यंत खरवडायचा, भिंत वाळू द्यायची आणि मगच नवा हात मारायचा. दिवाळी ते होळी हा काळ त्याला बरा. कडक उन्हाळ्यात चुना घाईने सुकून तडकतो, तेव्हा पाणी शिंपडत राहावं लागतं. आणि गणपतीच्या तोंडावरच हौस दाटून आली, तर त्या वर्षी मखरावर खर्च करावा.