सुताराची खोट, कातार्‍याची ठेव

मध्य रेल्वेवर कल्याण सोडून गाडी कर्जतच्या दिशेने वळली की पहिले स्थानक येते ते विठ्ठलवाडीचे. एका बाजूला कल्याण पूर्वेची दाट वस्ती आणि दुसर्‍या बाजूला फाळणीनंतर विस्थापितांनी वसवलेले उल्हासनगर. उल्हासनगरचा फर्निचर बाजार सर्वांना ठाऊक आहे. या परिसरात लाकडाची पारख होते ती फळीच्या हिशेबाने. फळी सरळ हवी, तिचे तंतू एका दिशेने जाणारे हवेत आणि तिच्यात गाठ नसावी. गाठ आली की रंधा अडतो, फळी वाकते आणि भाव पडतो. म्हणूनच सुताराच्या भाषेत गाठ म्हणजे लाकडाची खोट.

पण हीच गाठ लेथवर चढवली की तिचा अर्थ बदलतो. जुन्या झाडांच्या खोडावर किंवा बुंध्याशी कधी कधी मोठा, खडबडीत फुगवटा दिसतो. इंग्रजीत त्याला बर्ल म्हणतात. जगभरातील लाकूड कातणारे कारागीर शोभेचे वाडगे करण्यासाठी याच फुगवट्याच्या शोधात असतात. आपल्या शहरांत मात्र झाड पडल्यावर हा भाग अवजड आणि निरुपयोगी म्हणून सरपणात जाण्याचीच शक्यता अधिक.

गाठ तयार होते कशी?

फळीत दिसणारी साधी गाठ आणि ही गाठ एक नव्हे. साधी गाठ म्हणजे खोडात गाडला गेलेला फांदीचा बुंधा. बर्लची घडण वेगळी असते. झाडाला इजा झाली, बुरशी किंवा जीवाणूंचा संसर्ग झाला अथवा अन्य काही ताण आला, तर त्या जागी असंख्य सुप्त अंकुर एकाच वेळी जागे होतात. त्यांतील बहुतेकांची फांदी होत नाही. झाड दरवर्षी त्यांच्याभोवती लाकडाचे नवे थर चढवत राहते, तंतूंना अंकुरांना वळसा घालून जावे लागते आणि कित्येक वर्षांनी खोडाला मोठा टेंगूळ येतो.

हा टेंगूळ कापला की आत वेगळेच चित्र दिसते. प्रत्येक अंकुराच्या जागी एक बारीक ठिपका आणि त्याभोवती भोवर्‍यासारखी वळणे. कारागीर या ठिपक्यांना 'डोळे' म्हणतात. सरळ लाकडात रेषा दिसतात, येथे लाटा आणि भोवरे दिसतात. ही नक्षी कोणी काढलेली नसते. झाडाने आपल्या व्याधीशी केलेल्या झुंजीची ती नोंद असते, आणि म्हणूनच दोन वाडगे कधीही सारखे होत नाहीत.

झाकणारी कला, दाखवणारी कला

लाकूड फिरवून त्याला आकार देण्याचे काम महाराष्ट्राला नवे नाही. मराठीत या कारागिराला कातारी असा जुना शब्दच आहे. लाटणे, पाळण्याचे व पलंगाचे खूर, भोवरे, बुद्धिबळाच्या सोंगट्या ही सारी कातीव कामे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीची लाकडी खेळणी तर घरोघरी पोहोचली. तेथील चितारी कारागिरांनी पांगार्‍यासारखे हलके, मऊ लाकूड पसंत केले. त्यावर रंग चढणार असल्याने लाकडाची स्वतःची नक्षी महत्त्वाची नव्हती. कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी याच कुळातली. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चकचकीत थर बसतो.

गाठीच्या वाडग्याची कला नेमकी उलट आहे. येथे रंग लावायचा नसतो, लाकूडच दाखवायचे असते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेल्विन लिंडक्विस्ट आणि त्यांचे पुत्र मार्क यांनी अशी गाठीची, बुरशीने रेघाळलेली लाकडे लेथवर चढवली. लाकडातील भेगा, पोकळ्या आणि सालीचे तुकडे त्यांनी लपवले नाहीत. कातीव वाडगा स्वयंपाकघरातून कलादालनात नेणार्‍यांत या पितापुत्रांची गणना होते.

गाठीपासून वाडग्यापर्यंत

सरळ लाकूड वाळताना वर्तुळाकार कड्यांच्या दिशेने अधिक आणि गाभ्याकडून सालीच्या दिशेने कमी आकसते. हे प्रमाण साधारण दोनास एक असते, आणि ओंडक्याला भेगा पडतात त्या याच ओढाताणीमुळे. गाठीत तंतूंना एक दिशाच नसल्याने ती सरळ चिरत जात नाही, पण पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात आणि आकार वेडावाकडा होतो.

यावर उपाय म्हणजे वाडगा दोनदा कातणे. ओल्या लाकडाचा आधी जाडसर वाडगा करतात. त्याच्या भिंतीची जाडी व्यासाच्या सुमारे एक दशांश ठेवली जाते, म्हणजे २५ सेंटिमीटर व्यासाला अडीच सेंटिमीटर. मग त्याला मेणाचा लेप देऊन किंवा कागदात गुंडाळून सावलीत कित्येक महिने ठेवतात. वाळण्याची खूण वजनकाट्यावर कळते. दर आठवड्याला वजन करायचे आणि ते घटायचे थांबले की लाकूड तयार समजायचे. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात हवेतील ओल इतकी असते की वजन घटण्याऐवजी वाढूही शकते. त्यामुळे पावसात पडलेल्या झाडाचा वाडगा अंतिम कातणीसाठी उन्हाळ्यापर्यंत थांबवणे शहाणपणाचे.

दुसर्‍या खेपेस वाडगा प्रथम बाहेरून कातून त्याला बूड देतात. मग उलटा करून बूड पकडीत धरतात आणि आतील भाग पोखरतात. पन्हळीसारखी धार असलेली गोल पटाशी हे मुख्य हत्यार. सरळ लाकडात तंतूंच्या कलाने कापता येते. गाठीत कल क्षणोक्षणी बदलतो, म्हणून हत्यार पुनःपुन्हा पाजळावे लागते आणि काप अगदी हलका घ्यावा लागतो. धार बोथट असेल तर तंतू कापले न जाता उपटले जातात आणि डोळ्यांच्या जागी खड्डे पडतात.

शेवटी जवसाचे तेल, मेण किंवा शेलॅकचा हात देतात. शेलॅक म्हणजे शुद्ध केलेली लाखच. सावंतवाडी-चन्नपट्टणच्या परंपरेशी या परक्या वाटणार्‍या कलेचा असा धागा जुळतो. फरक इतकाच की येथे लाख पारदर्शक राहते.

वेग आणि धूळ

ही कला दिसते तेवढी निरुपद्रवी नाही. २५ सेंटिमीटरचा वाडगा मिनिटाला एक हजार फेरे घेत असेल, तर त्याचा काठ ताशी सुमारे ४७ किलोमीटर वेगाने धावतो. कल्याणहून मुंबईला जाणार्‍या जलद लोकलचा सरासरी वेग जवळपास एवढाच. गाठीत दडलेली भेग किंवा सालीचा सैल तुकडा त्या वेगाने चेहर्‍यावर येऊ शकतो. म्हणून साधा चष्मा पुरत नाही, संपूर्ण चेहरा झाकणारी ढाल हवी, आणि ओबडधोबड तुकडा समतोल होईपर्यंत लेथ सावकाश चालवायला हवे.

धुळीचा धोका सावकाश कळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणार्‍या घटकांत केला. घासकाम करताना योग्य मुखपट्टी आणि धूळ खेचणारी यंत्रणा आवश्यकच ठरते. जवसाच्या तेलाने भिजलेला बोळा चुरगळून टाकला तर तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. तो पसरून वाळवावा किंवा पाण्यात बुडवून ठेवावा.

किंमत कळली की संकटही येते

गाठ टाकाऊ मानली जाते हे तिचे दुर्दैव खरे, पण तेच झाडाचे संरक्षणही आहे. गाठीची हाव फार जुनी आहे. प्राचीन रोममध्ये उत्तर आफ्रिकेतील एका सूचिपर्णी वृक्षाच्या गाठींपासून केलेल्या मेजांचे वेड होते. सिसेरोने अशा एका मेजासाठी पाच लाख सेस्टर्स मोजल्याची नोंद प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात केली आहे. अलीकडच्या काळात कॅलिफोर्नियातील महाकाय रेडवूड वृक्षांच्या गाठी चोरांनी यांत्रिक करवतीने कापून नेल्या. २०१४ मध्ये तेथील वनातून जाणारा एक रस्ता रात्री बंद ठेवण्याची वेळ प्रशासनावर आली. गाठ कापली की खोडावर मोठी जखम उघडी पडते, तीतून कीड आणि बुरशी शिरते. शिवाय रेडवूडला नवे फुटवे येतात तेही या गाठींतील अंकुरांतून.

महाराष्ट्रात या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे हेही 'तोडणे' या व्याख्येत येते. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना प्राचीन वृक्षांचा दर्जा दिला. मोठ्या गाठी बहुधा जुन्याच झाडांवर असतात. तेव्हा उभ्या झाडाची गाठ, मग ते सोसायटीच्या आवारातले असले तरी, मोहाची वस्तू मानू नये.

राहतात ती पडलेली झाडे. दर पावसाळ्यात कल्याण-डोंबिवली परिसरात वारा-पावसाने झाडे उन्मळतात आणि वाहतूक मोकळी करण्याच्या घाईत त्यांचे तुकडे होतात. त्या घाईत बुंध्यावरची गाठ आडवी चिरली गेली की तिचा वाडगा होत नाही. ती अखंड राहिली आणि रीतसर कारागिराच्या हाती पडली, तर चिंच, आंबा, कडुनिंब किंवा पर्जन्यवृक्ष यांपैकी कोणाचाही वाडगा घडू शकतो. त्यासाठी करवत चालवणार्‍याला गाठ ओळखता यायला हवी आणि ती वेगळी काढून ठेवण्याची सोय हवी. एवढे झाले तर ज्या झाडाने रस्त्यावर अर्धशतक सावली धरली, त्याचा एखादा अंश सरपणाऐवजी एखाद्या घरात टिकून राहील.