गर्भस्थ जीव आणि अपंग जीव : इव्हँजेलिकल ख्रिस्ती दृष्टि

नाशिक शहरांतील शरणपूर रस्ता सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्या नांवामागची वसाहत फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. १८५४ सालीं विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्यानें चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीनें शहराबाहेर हें ख्रिस्ती खेडें वसविलें. शरणपूर म्हणजे आश्रयाचें गांव. तेथें पोरक्या मुलांचें अनाथगृह होतें, आणि गुलामांच्या गलबतांतून सोडविलेलीं आफ्रिकी मुलेंहि तेथें वाढलीं. त्यांपैकीं जेकब वेनराइट हा पुढें लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेला. ही सोसायटी १७९९ सालीं इंग्लंडांतील इव्हँजेलिकल मंडळींनीं स्थापिली होती. आज गर्भपात आणि अपंगत्व या प्रश्नांवर ज्या ख्रिस्ती मताची जगभर चर्चा चालते, तें याच परंपरेचें मत होय. तें समजून घ्यावयाचें तर त्याच्या घोषणांइतकेंच त्याच्या आश्रयगृहांकडेहि पाहिलें पाहिजे.

इव्हँजेलिकल या शब्दाच्या मुळाशीं ‘सुवार्ता’ हा अर्थ आहे. हा स्वतंत्र चर्च नव्हे. अनेक प्रॉटेस्टंट चर्चांतून वाहणारा तो एक प्रवाह आहे. बायबल हेंच अखेरचें प्रमाण, प्रत्येकाचें स्वतःचें हृदयपरिवर्तन आवश्यक, आणि श्रद्धा कृतींत उतरली पाहिजे, हे त्याचे विशेष. भारतांतील या प्रवाहाचें एक मध्यवर्ती मंडळ, इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया, १९५१ सालीं अकोला येथें स्थापन झालें, ही गोष्ट महाराष्ट्रांतहि थोड्यांसच ठाऊक असेल.

पोपसारखा अखेरचा निर्णय देणारा कोणी नसल्यामुळें या मंडळींत अर्थभेद होतात, आणि गर्भपाताच्या बाबतींत ते झालेहि. मनुष्य देवाच्या प्रतिमेप्रमाणें निर्माण झाला, हें उत्पत्तीच्या पुस्तकांतील वचन सर्वांस मान्य. मातेच्या उदरांत देवच मनुष्याला घडवितो, असा भाव एकशें एकोणचाळिसाव्या स्तोत्रांत आहे. उलट निर्गमाच्या पुस्तकांत भांडणाऱ्या पुरुषांचा धक्का गर्भवतीस लागल्यास काय दंड करावा, याचा एक नियम आहे. त्यावरून गर्भ आणि जन्मलेलें मूल यांत भेद मानावा कीं नाहीं, याविषयीं टीकाकारांचें एकमत नाहीं. त्यामुळें १९७१ सालीं अमेरिकेंतील सदर्न बॅप्टिस्ट संघानें बलात्कार, गर्भांतील गंभीर व्यंग, मातेच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याची हानि, अशा प्रसंगीं गर्भपातास कायद्यानें मोकळीक असावी, असा ठराव केला होता! आजच्या वाचकास हें वाचून नवल वाटेल. पुढें १९७३ चा तेथील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाला. १९७९ मध्यें फ्रान्सिस शेफर आणि बालशल्यवैद्य एव्हरेट कूप यांनीं मिळून लिहिलेला ग्रंथ आला. आणि १९८० सालीं त्याच संघाचा सूर पालटला. कूप यांनीं आयुष्यभर व्यंग घेऊन जन्मलेल्या अर्भकांवर शस्त्रक्रिया केल्या होत्या. ज्यांना ते वांचवीत, तशाच अर्भकांस जन्मापूर्वीं टाकून देणें त्यांना असह्य वाटलें. या पंथाच्या विरोधांत अपंगत्वाचा विचार इतका खोल रुजला आहे, त्याचें एक कारण येथें सांपडतें.

दुसरें कारण बायबलांतच आहे. योहानाच्या शुभवर्तमानांत जन्मांध मनुष्याकडे पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें? येशू उत्तरतो, कोणाचेंहि नाहीं. हा शिष्यांचा प्रश्न महाराष्ट्रांतील घराघरांतूनहि वेगळ्या शब्दांत विचारला जात असे, आणि अद्याप विचारला जातो.

महाराष्ट्रांत हा विषय प्रथम पुढें आला तो मात्र विधवांच्या दुःखांतून. भ्रूणहत्या हें महापातक मानणाऱ्या समाजानेंच फसलेल्या विधवेस त्या पातकाकडे ढकललें. १८६३ सालीं जोतीराव फुले यांनीं पुण्यांत बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलें तें याकरितां. पंडिता रमाबाईंनीं केडगांवच्या मुक्ति मिशनांत तोच मार्ग ख्रिस्ती श्रद्धेनें चालविला: पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन, आंधळ्या स्त्रियांसाठीं बार्तिमी सदन. तेथें आंधळ्यांना ब्रेल आणि हाताचीं कामें शिकवीत. रमाबाईंना स्वतःला नीट ऐकूं येत नसे. इंग्लंडांत वैद्यकी शिकण्याचा त्यांचा बेत त्यामुळेंच राहिला होता.

आतां कायद्याकडे वळूं. १९७१ च्या भारतीय कायद्यानें मातेच्या जिवास वा आरोग्यास धोका असतां, आणि मूल गंभीर व्यंगासह जन्मण्याचा मोठा संभव असतां, वीस आठवड्यांपर्यंत गर्भपातास अनुमति दिली. मातेच्या जिवाविषयींच्या तरतुदीस बहुतेक इव्हँजेलिकल मंडळी हरकत घेत नाहींत. त्यांचा आक्षेप दुसऱ्या कलमास आहे. २००८ सालीं गर्भाच्या हृदयांत दोष आढळलेल्या मुंबईच्या एका दांपत्याचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयानें नाकारला, तेव्हां हा वाद घराघरांत पोंचला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वैद्यकीय मंडळानें गंभीर व्यंगाचें निदान केल्यास आठवड्यांची मर्यादाच उरली नाहीं.

येथें एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. गर्भ मुलीचा आहे म्हणून तो पाडणें गैर, हें महाराष्ट्रानें सर्व राज्यांच्या आधीं, १९८८ सालीं, गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालून मान्य केलें. मग गर्भ अपंग आहे म्हणून पाडणें रास्त कसें? हा प्रश्न केवळ ख्रिस्ती मंडळीच विचारतात असें नव्हे. स्त्रीच्या हक्काचे पुरस्कर्ते असलेले कांहीं अपंग कार्यकर्तेहि तो विचारतात. यास उत्तर नाहीं असेंहि नाहीं. स्त्रीत्व हा रोग नव्हे. कांहीं व्यंगें मात्र अर्भकास कांहीं तासांहून अधिक जगूं देत नाहींत. शिवाय जन्मभर शुश्रूषा करावयाची ती बहुधा एकट्या आईनें, आणि कायद्यानें वाट बंद केली तर ती आई सुइणीच्या वा भोंदूच्या हातीं सांपडते, हा अनुभव १९७१ पूर्वींचा आहे. उपदेशकांनीं हें दुसरें वाक्य विसरूं नये. ज्या मंडळीस मूल जन्मावें असें वाटतें, तिनें त्याचें पालन कोण करणार तेंहि सांगितलें पाहिजे. रमाबाईंचें वचन वजनदार ठरलें तें या हिशेबानें.

नाशिकमध्यें लेप्रसी मिशनचें व्यवसाय-शिक्षण केंद्र आहे. कुष्ठरोगाची झळ लागलेल्या घरांतील व अपंग तरुण तेथें पोट भरण्याजोगें हाताचें काम शिकतात.