शेल बदलला की नेमकं काय बिघडतं? ‘डीफॉल्ट’ शेल कसा निवडतात आणि कसा तपासतात, समजून घ्या

तुम्ही ही बातमी अँड्रॉइड मोबाइलवर वाचत असाल, तर तुमच्या हातात आत्ता एक कमांड शेल आहे. त्याचं आयकॉन दिसत नाही आणि त्याची जाहिरातही होत नाही. नाव आहे एमकेएसएच. अँड्रॉइड ४.० पासून, म्हणजे २०११ पासून तो फोनच्या आत बसलेला आहे. त्याआधी तिथे दुसरा शेल होता. हा बदल झाला तेव्हा बहुतेकांना पत्ताही लागला नाही. डीफॉल्ट शेल बदलण्याचं काम नीट झालं, तर ते असंच होतं.

पण दर वेळी ते असं होत नाही. कधी जुनी स्क्रिप्ट अडकते. कधी ती अडकत नाही, मुकाट्याने चुकीचं काम करते. दुसरा प्रकार जास्त महागात पडतो. कान्हे, कामशेत, वडगावहून लोणावळा-पुणे लोकलने तळेगाव, पिंपरी-चिंचवडकडे जाणाऱ्या तरुणांपैकी जे सर्व्हर, नेटवर्क किंवा कारखान्यातल्या कॉम्प्युटर विभागात काम करतात, त्यांना कधी ना कधी याची गाठ पडतेच.

आधी, शेल म्हणजे काय?

आपण टाइप केलेली किंवा फाइलमध्ये लिहून ठेवलेली आज्ञा वाचायची, तिचा अर्थ लावायचा आणि ऑपरेटिंग सिस्टीमकडून काम करून घ्यायचं, हे शेलचं काम. अशा आज्ञांची यादी फाइलमध्ये लिहिली की ती झाली ‘शेल स्क्रिप्ट’. मशीन सुरू होताना, सॉफ्टवेअर बसवताना, रात्री बॅकअप घेताना अशा स्क्रिप्ट पडद्यामागे चालत असतात.

शेल एकच नाही. युनिक्सचा पहिला शेल केन थॉम्प्सन यांनी १९७१ मध्ये लिहिला. १९७९ मध्ये बेल लॅब्जमधल्या स्टीफन बोर्न यांचा शेल आला आणि त्याची भाषा पुढे पायाभूत ठरली. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी बॅश लिहिला. त्याच वर्षी केनेथ आल्मक्विस्ट यांचा छोटा, चपळ ‘ॲश’ आला. त्याचाच डेबियनमधला वंशज म्हणजे डॅश. १९९० मध्ये पॉल फॉलस्टॅड यांचा झेडशेल आला.

‘डीफॉल्ट’ एक नाही, दोन

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. सिस्टीममध्ये दोन वेगळ्या जागी डीफॉल्ट शेल ठरवावा लागतो.

• लॉगिन शेल : माणसासाठी. टर्मिनल उघडलं की समोर येतो तो. यात जुन्या आज्ञा परत बोलावता येणं, टॅब दाबून नाव पूर्ण होणं, चुका सुधारता येणं महत्त्वाचं.

• /बिन/एसएच : मशीनसाठी. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत हे नाव असलं की त्या जागी बसलेला शेल ती स्क्रिप्ट चालवतो. इथे वेग, कमी मेमरी आणि नियमाला धरून चालणं महत्त्वाचं.

/बिन/एसएच हे एखाद्या शेलचं नाव असेलच असं नाही. ते पदाचं नाव आहे. कान्हे गावातल्या माणसाला तहसीलचं काम असलं की तो वडगावला जातो आणि अर्जावर ‘मा. तहसीलदार, मावळ’ एवढंच लिहितो. खुर्चीवर कोण बसलंय याने अर्जाला फरक पडत नाही, कारण अर्ज ठरलेल्या नमुन्यात असतो. पण आधीचे साहेब ओळखीचे म्हणून कोणी नमुना सोडून चिठ्ठीवर काम करून घेत असेल, तर बदली झाल्यावर तीच चिठ्ठी नव्या साहेबांपुढे चालत नाही.

शेलच्या जगात तो ठरलेला नमुना म्हणजे ‘पॉझिक्स’ हे मानक. आणि ओळखीवर चालणाऱ्या चिठ्ठ्या म्हणजे ‘बॅशिझम’. म्हणजे पहिल्या ओळीत /बिन/एसएच लिहायचं, पण आत फक्त बॅशलाच कळतील अशा सोयी वापरायच्या.

उबंटूने २००६ मध्ये काय केलं?

लिनक्सवर अनेक वर्षं /बिन/एसएचच्या खुर्चीवर बॅशच होता. ऑक्टोबर २००६ मध्ये आलेल्या उबंटू ६.१० ने तिथे डॅश बसवला. मुख्य कारण वेग. मशीन सुरू होताना त्या काळी छोट्या-मोठ्या असंख्य स्क्रिप्ट चालत, आणि प्रत्येक वेळी जड शेल उठवायचा म्हणजे वेळ जायचा. डेबियन १२ च्या ६४-बिट आवृत्तीत डॅशची फाइल साधारण सव्वाशे किलोबाइटची आहे. बॅशची एक एमबीहून मोठी. आपण फार मोठे आणि फार संथ आहोत, अशी कबुली बॅशच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेतच ‘त्रुटी’ या भागात दिलेली आहे.

लॉगिन शेल मात्र उबंटूने बॅशच ठेवला. माणसासाठी सोयीचा, मशीनसाठी हलका, अशी ही विभागणी होती. तरीही अनेकांच्या स्क्रिप्ट अडकल्या, कारण त्या बॅशिझमवर उभ्या होत्या.

डेबियनने हाच बदल करायला फेब्रुवारी २०११ मधली ‘स्क्वीझ’ ही आवृत्ती उजाडू दिली. मधल्या काळात पॅकेजमधल्या स्क्रिप्ट तपासणं, बॅशिझम शोधून बग नोंदवणं आणि ते एकेक करून दुरुस्त करणं सुरू होतं. खुर्चीवरचा माणूस बदलण्याआधी चिठ्ठ्या गोळा करून त्यांचे रीतसर अर्ज करून घेतले गेले.

याचा महाराष्ट्राशी काय संबंध?

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टीम आहे ‘बॉस’, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स. २००७ मध्ये ती लोकांसमोर आली. मराठीसह भारतीय भाषांत ती वापरता येते आणि शाळांसाठी ‘एज्युबॉस’ ही तिची वेगळी आवृत्ती आहे. बॉसचा पाया डेबियन आहे. त्यामुळे २०११ नंतरच्या डेबियनवर उभ्या राहिलेल्या बॉसमध्ये शेलची ही व्यवस्था पायातूनच येते. निर्णय कुठल्या तरी दूरच्या प्रकल्पात होतो आणि त्याचा परिणाम आपल्याकडच्या शाळेतल्या किंवा सरकारी कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर उतरतो.

आणि इथे मराठीचा एक खास प्रश्न आहे. ‘कान्हे’ या शब्दाची लांबी किती? आपण म्हणू, दोन अक्षरं. युनिकोडच्या हिशेबाने त्यात सहा चिन्हं आहेत : क, काना, न, हलन्त, ह, मात्रा. साठवताना प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे एकूण १८ बाइट. शब्दाची लांबी विचारली, तर युनिकोड चालू असलेल्या सिस्टीमवर बॅश ६ सांगतो. डेबियन १२ मधला डॅश १८ सांगतो.

समजा, एखाद्या स्क्रिप्टमध्ये ‘गावाचं नाव १५ पेक्षा मोठं असेल तर नाकारा’ अशी अट आहे. इंग्रजीत तपासलं तर दोन्ही शेल पास. मराठीत तपासलं तर बॅशमध्ये कान्हे स्वीकारलं जाईल, डॅशमध्ये नाकारलं जाईल. शेलची चाचणी आपल्या भाषेतल्या नावांवर का करायची, ते यावरून कळतं.

सर्वांत धोकादायक चूक कोणती?

स्क्रिप्ट थांबली आणि एरर दिसली, तर माणूस दुरुस्त करतो. खरा धोका न थांबणाऱ्या चुकीचा.

एक काल्पनिक उदाहरण घ्या. कान्हे फाट्यावरच्या एखाद्या छोट्या कारखान्यात रोज रात्री हिशेबाचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट आहे. पहिली आज्ञा सगळ्या फाइल एकत्र बांधते आणि संदेश व एरर दोन्ही एका लॉग फाइलमध्ये टाकते. दुसरी आज्ञा ते गाठोडं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करते. तिसरी ‘बॅकअप झाला’ असं लिहिते. पहिल्या आज्ञेत लॉगसाठी &> हे बॅशचं जोडचिन्ह वापरलंय. वर मात्र लिहिलंय /बिन/एसएच.

जुन्या मशीनवर त्या जागी बॅश होता, सगळं ठीक चालायचं. नवं मशीन आलं, त्यात डॅश. डॅश हे जोडचिन्ह तोडून वाचतो. & म्हणजे ‘हे काम मागे चालू दे, पुढे चल’. > म्हणजे ‘फाइल रिकामी तयार कर’. परिणाम असा : बांधणी अजून सुरू असतानाच कॉपी सुरू होते, दुसऱ्या डिस्कवर अर्धवट गाठोडं जातं, लॉग रिकामा राहतो आणि शेवटी ‘बॅकअप झाला’ हेच वाक्य दिसतं. एरर एकही नाही. हे कळतं डिस्क बंद पडते त्या दिवशी.

दुसरा नेहमीचा फसवा प्रकार वेळापत्रकावर चालणाऱ्या कामांचा. ‘क्रॉन’मध्ये टाकलेली आज्ञा ठरावीक वेळी आपोआप चालते, पण ती डीफॉल्टने /बिन/एसएचकडून. तुमचा लॉगिन शेल कोणता, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. म्हणून दिवसा हाताने चालवलेली आज्ञा चालते आणि तीच रात्री फसते.

मग चाचणी कशी करतात?

१. यादी करा. पहिल्या ओळीत /बिन/एसएच असलेल्या सगळ्या स्क्रिप्ट शोधा. बूट, इन्स्टॉलेशन आणि क्रॉनमधल्या आज्ञा विसरू नका.

२. न चालवता वाचा. डेबियनचं ‘चेकबॅशिझम्स’ किंवा ‘शेलचेक’ ही साधनं स्क्रिप्ट वाचून संशयास्पद ओळी दाखवतात. नुसती व्याकरणाची तपासणी पुरेशी नाही. वरचं &> व्याकरणाच्या चाळणीतून सहज निसटतं, कारण डॅशच्या लेखी ते चूक नाहीच.

३. अनेक शेलमध्ये चालवा. तीच स्क्रिप्ट बॅश, डॅश आणि एमकेएसएचमध्ये चालवून निकाल शेजारी ठेवा. तिन्हीकडे सारखा आला तर विश्वास ठेवायला जागा आहे.

४. बिघाड मुद्दाम घडवा. डिस्क भरलेली आहे, फाइल नाही, नावात रिकामी जागा आहे, नाव मराठीत आहे. बॅशिझम बहुतेकदा क्वचित चालणाऱ्या ओळींत लपतात.

५. पूर्ण फेरी मारा. सिस्टीम बसवा, सुरू करा, अपग्रेड करा, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. वेग मोजायचा तर रिकामी आज्ञा हजार वेळा चालवून दोन्ही शेलचा वेळ ताडून बघा.

६. परतीचा रस्ता ठेवा. नवा शेल बसवताना जुना काढू नका. ज्या स्क्रिप्टला बॅश हवाच आहे, तिच्या पहिल्या ओळीत सरळ बॅशचं नाव लिहा.

सुरक्षेचं काय?

२४ सप्टेंबर २०१४ रोजी बॅशमधली ‘शेलशॉक’ ही त्रुटी जाहीर झाली. स्टीफन शाझलास यांनी ती शोधली होती. बाहेरून आलेल्या मजकुरात लपवलेली आज्ञा बॅश चालवून टाकत असे, आणि ही चूक १९८९ पासून कोडमध्ये होती. /बिन/एसएचच्या जागी बॅश असलेल्या रेड हॅटसारख्या सिस्टीममध्ये धोक्याची वाट रुंद होती, कारण इतर प्रोग्रामही नकळत बॅशला हाक मारत होते. डेबियन-उबंटूवर ती हाक डॅशकडे जायची. तिथेही थेट बॅशमध्ये लिहिलेल्या वेब स्क्रिप्ट असुरक्षितच होत्या, पण हल्ल्याची जागा कमी झाली होती. वेगासाठी घेतलेला निर्णय आठ वर्षांनी सुरक्षेच्या कामी आला.

इतरांनी काय निवडलं?

• ॲपल : २००३ मध्ये टीसीशेलकडून बॅशकडे, ऑक्टोबर २०१९ च्या ‘कॅटलिना’पासून नव्या वापरकर्त्यांसाठी झेडशेल. मॅकमधला बॅश ३.२ वरच थांबलेला आहे. पुढच्या आवृत्त्यांचा परवाना बदलल्याचं कारण त्यासाठी सहसा सांगितलं जातं.
• काली लिनक्स : २०२०.४ आवृत्तीत झेडशेल.
• फ्रीबीएसडी : २०२३ च्या १४.० मध्ये रूट वापरकर्त्याचा सीशेल जाऊन एसएच.

मॅकवर गेलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. यादीतला पहिला घटक बॅशमध्ये ० क्रमांकाचा असतो, झेडशेलमध्ये १ क्रमांकाचा.

मोबाइलवर करून बघता येईल?

हो. एफ-ड्रॉइडवर मिळणारं ‘टर्मक्स’ ॲप अँड्रॉइडवर टाका. उघडल्यावर समोर येतो तो बॅश. त्याच्या आतल्या एसएचच्या जागी डॅश आहे आणि फोनचा स्वतःचा शेल एमकेएसएच. म्हणजे तीन शेल एकाच खिशात. ‘कान्हे’ची लांबी तिघांनाही विचारून बघा. लॅपटॉप नसलेल्या विद्यार्थ्यालाही ही चाचणी लोकलमध्ये बसून करता येते.

लक्षात ठेवा

• टर्मिनलमध्ये स्वतःला आवडेल तो शेल वापरा. त्याने दुसऱ्याचं काही बिघडत नाही.
• स्क्रिप्ट दुसऱ्याच्या मशीनवर जाणार असेल, तर पहिल्या ओळीत जे नाव लिहिलंय त्याच्याच नियमात राहा.
• नव्या मशीनवर जुनी बॅकअप स्क्रिप्ट नेली असेल, तर ‘बॅकअप झाला’ या ओळीवर विसंबू नका. बॅकअपमधली एक फाइल आजच परत काढून, उघडून बघा.